समोरून ठोकलेली जुनी डिझेल गाडी कमी खर्चात कशी दुरुस्त करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातील वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या गॅरेजमध्ये पावसाळा लागला की समोरून ठोकलेल्या गाड्या येऊ लागतात. काही घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटातून येतात, काही ठाणे-बेलापूर रस्त्यावरून, तर काही ऐरोली पुलावरून. त्यांतल्या बऱ्याच दहा ते पंधरा वर्षांच्या डिझेल गाड्या असतात आणि मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हिच्यावर खर्च करणे परवडेल का? अशा गाडीचा खर्च चेपलेल्या पत्र्यावरून ठरत नाही. धडकेनंतर इंजिन पुन्हा सुरू केले की नाही, आणि पुढचा भाग पूर्ण उघडण्याआधीच खर्चाचा आकडा मान्य केला की काय, या दोन गोष्टींवर तो ठरतो. पुढची उत्तरे याच अनुभवातून लिहिली आहेत.

अपघातानंतर इंजिन व्यवस्थित सुरू होते आहे. गाडी चालवत गॅरेजपर्यंत आणता येईल का?

आणू नये. समोरून बसलेल्या धडकेत सर्वांत आधी एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी जाळी) आणि त्यामागचा रेडिएटर मार खातो. रेडिएटर फुटला की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, काही मिनिटांत रस्त्यावर सांडते, आणि त्यानंतर इंजिन चालू ठेवले तर सिलिंडर हेड (इंजिनचा वरचा भाग) तापून वाकते, त्याखालचे हेड गास्केट जळते. अनेकांचा भरवसा तापमानाच्या काट्यावर असतो, पण तो काटा ज्या सेन्सरवर चालतो त्या सेन्सरला कूलंटमध्ये बुडून राहावे लागते. कूलंटच उरले नसेल, तर इंजिन जळत असतानाही काटा मधोमध दिसू शकतो.

दोन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी माजिवड्याला ट्रकच्या मागे लागलेली गाडी, काटा जागेवर आहे असे पाहून, आमच्यापर्यंत चालवत आणली. अंतर जेमतेम चार किलोमीटरचे होते. बंपर, रेडिएटर आणि बॉनेट यांचा जो खर्च झाला असता, त्याहून जास्त पैसे हेड उतरवणे, त्याचे फेसिंग करणे (पृष्ठभाग घासून सपाट करणे) आणि गास्केट बदलणे यांत गेले. ते चार किलोमीटर टोइंगने आले असते, तर हा सगळा खर्च वाचला असता.

टर्बो (इंजिनात दाबाने हवा ढकलणारा पंखा) असलेल्या डिझेल गाडीत आणखी एक धोका असतो. टर्बोचे सील गेल्यामुळे किंवा गाडी कलंडल्यामुळे इंजिन ऑइल हवेच्या मार्गात शिरले, तर इंजिन ते ऑइलच इंधनासारखे जाळू लागते आणि चावी काढली तरी बंद होत नाही. म्हणून हवेचे पाइप उघडून आत ऑइल साचलेले नाही ना, हे पाहिल्याशिवाय स्टार्टर मारू नये.

गाडी उचलून नेताना काय काळजी घ्यावी?

शक्य असेल तर सपाट पाठीच्या टो-ट्रकवर गाडी चढवावी. तसा ट्रक मिळाला नाही, तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाके उचललेली असावीत आणि हँडब्रेक सोडलेला असावा. ओढण्याचा हुक अडकवायची पुढची जागाच वाकलेली असेल, तर तिथे दोर बांधून गाडी ओढू नये.

बॉनेटखाली डिझेल गळताना दिसते आहे. हात लावून पाहिले तर चालेल का?

कधीही नाही. कॉमन रेल डिझेल इंजिनमध्ये इंजेक्टरकडे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या नळ्यांतला दाब १,००० बारच्या वर जातो. इतक्या दाबाने सुईसारखी बाहेर पडणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम दिसायला टाचणी टोचल्याएवढी असली, तरी त्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. इंजिन बंद करावे, बॅटरीची ऋण तार काढावी आणि गळतीचा शोध पुठ्ठ्याच्या तुकड्याने घ्यावा, तोही मेकॅनिकने.

इंजिन फिरते आहे, पण सुरू होत नाही. डिझेलचा पंप गेला असे समजावे का?

लगेच तसे समजू नये. फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धडक बसताच इंधन तोडणारा इनर्शिया स्विच असतो. त्याचे बटण दाबून तो पूर्ववत करता येतो, पण गळती नाही याची खात्री झाल्यावरच. आम्ही पंपाच्या चौकशीआधी हा स्विच, फ्यूज आणि पुढच्या बाजूच्या तुटलेल्या वायरी पाहतो.

विमा कंपनीला केव्हा कळवावे? पोलिसांत जाणे आवश्यक आहे का?

कोणाला दुखापत झाली असेल, तर आधी त्या माणसाला रुग्णालयात नेणे आणि पोलिसांना कळवणे हे कायद्याने चालकाचे कर्तव्य आहे. विम्याचा दावा करायचा असो वा नसो, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअरने गाडी पाहीपर्यंत एकही भाग उघडू नये. घटनास्थळी चारही बाजूंनी फोटो काढावेत; एका फोटोत नंबर प्लेट आणि चेपलेला भाग दोन्ही एकत्र दिसले पाहिजेत.

गाडी बारा वर्षांची आहे आणि सर्वसमावेशक विमा आहे. दावा करावा की खिशातून खर्च करावा?

हा हिशेब कागदावर मांडूनच करावा, कारण जुन्या गाडीच्या भागांवरची घसाऱ्याची, म्हणजे वयामुळे उतरलेल्या किमतीची, कपात मोठी असते. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, नायलॉन आणि बॅटरी यांवर ५० टक्के कपात होते. धातूच्या भागांवरची कपात वयाप्रमाणे वाढत जाते: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के. काचेवर कपात नसते. रंगकामाच्या एकत्रित बिलाचा २५ टक्के हिस्सा साहित्याचा धरला जातो आणि त्या हिश्श्यावर ५० टक्के कपात होते. मजुरीवर घसारा लागत नाही.

समजा, बॉनेट, फेंडर अशा धातूच्या भागांचे बिल २०,००० रुपये, प्लास्टिकच्या भागांचे ६,०००, रंगकामाचे १६,००० आणि मजुरी ८,००० रुपये झाली. एकूण ५०,००० झाले. यात कंपनी धातूचे १०,०००, प्लास्टिकचे ३,०००, रंगाचे १४,००० आणि मजुरीचे ८,००० मान्य करील, म्हणजे ३५,००० रुपये. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट असते, ती जाऊन हातात ३४,००० येतील. उरलेले १६,००० आपले.

यात नो क्लेम बोनसही धरायला हवा. पाच वर्षे दावा न केलेल्या मालकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सवलत मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढावी लागते. बंपर आणि एक हेडलाइट एवढेच नुकसान असेल, तर आम्ही मालकांना दावा न करण्याचाच सल्ला देतो, जरी त्यात आमचे बिल लहान होत असले तरी. रेडिएटरपर्यंत मार गेला असेल, तर मात्र दावा बहुधा फायद्याचा ठरतो.

कंपनी गाडी 'टोटल लॉस' ठरवू शकते का?

होय. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर छापलेल्या गाडीच्या विमा किमतीच्या, ७५ टक्क्यांहून जास्त जात असेल तर. पाच वर्षांवरील गाडीची ही किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. हप्त्याचे दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी ती अगदी कमी लावून घेतली, तर पुढे साध्या धडकेतही गाडी या रेषेपलीकडे जाते. आयडीव्ही २,००,००० असेल तर रेषा १,५०,००० वर येते. तीच १,२०,००० लावली असेल तर ९०,००० वर.

माझ्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे. काही मिळेल का?

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी काहीही मिळणार नाही. चूक समोरच्याची असेल, तर त्याच्या थर्ड पार्टी विम्याकडे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत दाद मागता येते, पण दुरुस्तीचे पैसे आधी आपल्यालाच उभे करावे लागतात.

एका गॅरेजने बाहेरून पाहूनच खर्चाचा आकडा सांगितला. तो मान्य करावा का?

करू नये. बाहेरून दिसणारे नुकसान आणि आतले नुकसान यांचा मेळ जुळतोच असे नाही. बंपरचे प्लास्टिक दबून पुन्हा फुगते आणि साबूत दिसते; मागची लोखंडी पट्टी मात्र आत गेलेली असते.

मागच्या जुलैमध्ये २०१२ सालची एक स्विफ्ट डिझेल आली. बंपरला एक चीर, ग्रिल तुटलेली, बॉनेटची कड थोडी वर आलेली, बाकी काही नाही. मालकांना दुसरीकडे 'बंपर आणि ग्रिल' एवढेच सांगितले होते. आम्ही बंपर, दोन्ही हेडलाइट आणि वरची पट्टी काढली. कंडेन्सर मधोमध पोटात आल्यासारखा वाकला होता. तो बाजूला केल्यावर रेडिएटरच्या मागच्या अंगावर अर्धगोल ओरखडे दिसले, परकाराने काढावेत इतके रेखीव. धडकेच्या क्षणी फिरत्या पंख्याची पाती रेडिएटरच्या जाळीत घुसली होती. खाली लोअर आर्मवर (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्यावर) वाळलेल्या कूलंटचा चिकट थर बसला होता आणि त्याचा गोडसर वास येत होता. बंपर-ग्रिल बदलून ती गाडी बाहेर पडली असती, तर पहिल्याच ट्रॅफिकमध्ये तापली असती.

म्हणून पुढचा भाग उघडण्याची वेगळी मजुरी द्यावी लागली तरी ती द्यावी. उघडलेल्या अवस्थेत स्वतः जाऊन पाहावे आणि त्यानंतरच भागांची यादी लेखी घ्यावी: कोणता भाग नवा, कोणता जुना, कोणता दुरुस्त करून.

चासी वाकली आहे का, हे कसे ओळखायचे?

एक साधी मोजपट्टी पुष्कळ काही सांगते. पुढच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या नटांपासून समोरच्या आडव्या पट्टीवरील विरुद्ध बाजूच्या बोल्टपर्यंत तिरके अंतर मोजावे, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. दोन्ही तिरपी अंतरे जवळपास सारखी हवीत. फरक ३ मिलीमीटरच्या आत असेल तर सहसा काळजीचे कारण नसते. वर सांगितलेल्या स्विफ्टमध्ये तो ११ मिलीमीटर निघाला आणि डाव्या बाजूचा चासीचा दांडा आत सरकल्याचे तिथेच कळले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर दोन्ही बाजूंनी मोजणे आणि दारांच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का ते पाहणे, हेही करावे.

दांडा वाकला असेल, तर गाडी मापाच्या बेंचवर जखडून हळूहळू ओढून सरळ केली पाहिजे. साखळीने झाडाला किंवा खांबाला बांधून ओढण्याची पद्धत अजूनही दिसते. तिला साफ नकार द्यावा. त्याचप्रमाणे दांडा गॅसच्या ज्योतीने लाल करून ठोकू देऊ नये, कारण तापवलेल्या पोलादाची ताकद जाते. हा दांडा पुढच्या अपघातात धक्का पोटात घेण्यासाठी असतो. इथे वाचवलेले पैसे माणसाच्या जिवावर येतात, म्हणून हे काम बेंच नसलेल्या ठिकाणी करण्यापेक्षा गाडी विकून टाकावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे मर्यादित आहेत. कोणती कामे आधी आणि कोणती नंतर करावीत?

आधी चासीचे माप, मग कूलिंग, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, ब्रेक, हेडलाइट आणि बॉनेटचे लॉक. बॉनेटचे लॉक लहान वस्तू वाटते, पण ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐंशीच्या वेगात बॉनेट उडून काचेवर आले, तर चालकाला समोरचे काहीच दिसत नाही. तारेने बांधलेल्या बॉनेटची गाडी आम्ही गॅरेजबाहेर जाऊ देत नाही.

बंपरची चीर, ग्रिल, फॉगलाइट, रंगाची सफाई हे सगळे दोन-तीन महिन्यांनी करता येते. बंपर बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनचा असतो आणि प्लास्टिक वेल्डिंगने मागून जोडला तर वर्षानुवर्षे टिकतो. एसीसुद्धा थांबू शकतो, मात्र एका अटीवर: उघड्या पडलेल्या नळ्यांची तोंडे लगेच घट्ट बंद करावीत. आपल्याकडच्या दमट हवेतला ओलावा आत शिरला की कॉम्प्रेसरचे नुकसान होते. पुढे नवा कंडेन्सर बसवताना रिसीव्हर ड्रायरही (ओलावा शोषणारी डबी) बदलावा आणि गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम करून घ्यावा.

रेडिएटर दुरुस्त करून चालेल का?

फार जुन्या पितळी रेडिएटरला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडता येते. अलीकडचे रेडिएटर ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या जोडून केलेले असतात. ते पावडर किंवा एम-सील लावून टिकत नाहीत. नामांकित भारतीय कंपनीचा नवा रेडिएटर घ्यावा, तो शोरूमच्या भागापेक्षा स्वस्त पडतो. इंटरकूलर (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारी जाळी) असेल तर तो हवेच्या दाबाने तपासून घ्यावा. त्याला बारीक तडा असला, तर गाडी चालते, पण ओढ कमी होते आणि काळा धूर येतो, आणि मग इंजेक्टर उगाच बदलले जातात.

कुर्ल्याहून किंवा शिळफाट्याहून जुने भाग आणणे योग्य आहे का?

योग्य आहे, पण कोणते भाग हे आधी ठरवून जावे. बॉनेट, फेंडर, हेडलाइट, बंपर, रेडिएटर सपोर्ट पॅनेल हे भाग जुने चांगले मिळतात, आणि अनेकदा कंपनीचे जुने बॉनेट बाजारातल्या स्वस्त नव्या बॉनेटपेक्षा जास्त नीट बसते. आपल्याच रंगाचे बॉनेट सापडले, तर रंगकामाचा मोठा खर्च वाचतो. त्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन फेऱ्या जास्त माराव्या लागल्या तरी माराव्यात. सोबत एक लहान चुंबक फडक्यात गुंडाळून न्यावे. जिथे ते पत्र्याला धरत नाही, तिथे पुटीचा जाड थर आहे असे समजावे.

एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे भाग, स्टिअरिंग रॅक, लोअर आर्म आणि रबरी पाइप जुने घेऊ नयेत. आणखी एक गोष्ट विसरू नये: प्रत्येक भागाचे बिल घ्यावे. चोरीचा माल आहे हे जाणून किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. अख्खे इंजिन बदलले, तर त्याची नोंद आरटीओकडे आरसीवर करून घ्यावी लागते.

माझ्या गाडीचे डिझेल इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गाडीतही आहे असे ऐकले. भाग चालतील का?

काही चालतात. फियाटचे १,२४८ सीसीचे इंजिन मारुतीने डीडीआयएस नावाने स्विफ्ट, डिझायर आणि रिट्झमध्ये, टाटाने क्वाड्राजेट नावाने इंडिका व्हिस्टामध्ये, आणि फियाटने पुंटो व लिनियामध्ये वापरले. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. इंजिनच्या आतले बरेचसे भाग त्यामुळे सहज आणि वाजवी दरात मिळतात. मात्र समोरच्या धडकेत जे भाग जातात, म्हणजे रेडिएटर, पाइप, ब्रॅकेट, वायरिंग, ते प्रत्येक गाडीत वेगळे असतात. जुना भाग शेजारी ठेवून जुळवल्याशिवाय नवा विकत घेऊ नये.

एअरबॅग उघडली आहे. ती काढून वर झाकण लावून चालेल का?

नाही. एअरबॅग, तिचे नियंत्रण करणारे मॉड्यूल आणि आवळून लॉक झालेले सीटबेल्ट हे एकत्र तपासून आवश्यक ते नवे बसवावे लागतात. डॅशबोर्डवरचा इशारा देणारा दिवा वायर जोडून फसवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे गाडी देऊ नये. जुन्या गाडीचे बजेट बहुधा याच कामावर अडते, म्हणून हा दर सर्वांत आधी विचारावा.

पावसाळ्यात रंगकाम करावे का?

करता येते, पण खाडीकाठच्या आपल्या हवेत उघडा पत्रा जुलैच्या एका रात्रीत गंजतो. पत्राकाम झाले त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारण्याचे कबूल करून घ्यावे, आणि वरचा रंग बंदिस्त बूथमध्येच मारावा. प्रायमरच्या आधी एकदा जाऊन पत्रा पाहावा. पुटी दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जाड नसावी. त्याहून जाड थर इंजिनच्या थरथरीने पुढेमागे तडकतो.

इतक्या जुन्या डिझेल गाडीवर बंदी येईल का? खर्च वाया जाणार नाही ना?

दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा निर्बंध दिल्ली-एनसीआरपुरता आहे. ठाणे आणि नवी मुंबईला तो लागू नाही. इथे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आणि वीस वर्षांवरील मोटारीचे १०,००० रुपये आहे. पर्यावरण कर वेगळा. गाडी साडेचौदा वर्षांची असेल, तर हा आकडा दुरुस्तीच्या खर्चात मिळवूनच निर्णय घ्यावा.

दुरुस्ती परवडत नाही असे ठरले, तर गाडी रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला देऊ नये. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी आणि तिथले ठेव प्रमाणपत्र घेऊन आरसी रद्द करून घ्यावी. तसे केले नाही, तर गाडी कागदोपत्री आपल्याच नावावर राहते.

गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

इंजिन थंड असताना जावे. कूलंटची पातळी पाहावी, मग गाडी सुरू करून हीटर पूर्ण गरम ठेवावा आणि पंखा निदान दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. हीटरमधून गरम हवा येत नसेल, तर यंत्रणेत हवा अडकलेली असू शकते. नंतर रिकाम्या सरळ रस्त्यावर हळू चालवून स्टिअरिंग एका बाजूला ओढते का ते पाहावे आणि अलाइनमेंटचा छापील कागद मागावा. रात्री भिंतीसमोर दोन्ही हेडलाइटचा झोत तपासावा. पीयूसी चाचणीत धुराचा आकडा बीएस-४ डिझेल गाडीला १.६२ आणि त्याआधीच्या गाडीला २.४५ च्या आत असावा लागतो. काळा धूर दिसला तर आधी इंटरकूलरचे पाइप पुन्हा बघायला सांगावे. बदललेले सर्व जुने भाग डिकीत घालून मागून घ्यावेत. आठवड्याने सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी पुन्हा एकदा पाहावी, आणि ती खाली गेली असेल तर त्याच दिवशी गाडी परत गॅरेजला आणावी.